मराठीत पीएच.डी. करायची तर पैसे खिशातलेच?

‘फेलोशिप फक्त सायन्सवाल्यांना मिळते, भाषा-इतिहासात पीएच.डी. करायची तर घरचं खाऊन करा’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यापायी चांगली मुलं एम.ए.नंतर थांबतात, याचं फार वाईट वाटतं.

यूजीसीची नेट म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा साधारणपणे जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. तिच्या विषययादीत मराठी, कोकणी, संस्कृत, पाली, इतिहास, तत्त्वज्ञान सगळे आहेत. याच परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणारे पैसे) रक्कम विज्ञान आणि मानव्यविद्या दोन्हींना सारखीच: जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये, पुढे 42,000, शिवाय नियमानुसार घरभाडं. फरक पडतो तो पुस्तकं-प्रवासासारख्या वार्षिक खर्चाच्या रकमेत. ती विज्ञानाला थोडी जास्त असते.

मग समज टिकला कसा? बहुधा यामुळे, की नुसतं नेट पास होणं म्हणजे जेआरएफ नव्हे. जेआरएफचा कटऑफ वरचा असतो, आणि वयाची अट आहे. सर्वसाधारण गटाला 30 वर्षं, महिलांना व राखीव गटांना 5 वर्षं सवलत. पैसेही प्रवेश पक्का झाल्यावरच सुरू होतात आणि कधीकधी उशिरा येतात, तेवढी तजवीज ठेवा.

पडताळायचं असेल तर परीक्षेचं अधिकृत माहितीपत्रक उघडा, विषययादी आणि वयाची अट वाचा. मग निकालानंतरच्या कटऑफच्या तक्त्यात ‘मराठी’समोरचा जेआरएफचा रकाना पाहा.

परदेशाचंही तसंच. जर्मनी, नेदरलँड्समध्ये भाषाशास्त्रातल्या कित्येक पीएच.डी.च्या जागा पगारी नोकरी म्हणूनच जाहीर होतात.