लाइट गेल्यावर दार उघडं की बंद? कोकणातल्या इमारतींत कुलूप आणि कॅमेरा एकत्र येण्याची पार्श्वभूमी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग, कुठेही नवं व्यापारी संकुल उभं राहतं तेव्हा कार्डाने उघडणारी दारं आणि कॅमेरे आता बऱ्याचदा एकाच कंत्राटात जातात. वीसेक वर्षांपूर्वी तसं नव्हतं. दाराचं काम हजेरीचं मशीन बसवणाऱ्याकडे असे, कॅमेऱ्याचं केबल टाकणाऱ्याकडे, आणि दोघांची गाठ क्वचितच पडे. दोन्ही यंत्रणा पुढे एकत्र आल्या खऱ्या, पण वीज गेल्यावर दार उघडं राहावं की बंद, हा प्रश्न नीट न सुटताच मागे राहिला. किनाऱ्यावर तोच सगळ्यात जास्त नडतो.

जुना इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. दुरून पाहण्यासाठी लावलेला बंदिस्त कॅमेरा 1942 मध्ये जर्मनीत रॉकेटच्या चाचण्यांसाठी वापरात आला. दाराच्या कार्डांची गोष्ट नंतरची. 1970 च्या दशकात एका खास चुंबकीय तारेचा शोध लागला, तिच्यावर चालणारी कार्डं आली आणि त्यांच्याबरोबर कार्ड वाचणारा रीडर आणि दार उघडायचं की नाही हे ठरवणारा कंट्रोलर यांच्यातली वीगंड ही जोडणी रूढ झाली. तिचा नेहमीचा संदेश 26 बिटांचा असतो: 8 बिट संकुलाचा कोड, 16 बिट कार्डाचा क्रमांक आणि 2 बिट पडताळणीचे. तो रीडरकडून कंट्रोलरकडे एकाच दिशेने जातो आणि त्याला कोणतंही सांकेतिक कवच (एन्क्रिप्शन) नसतं. आपल्याकडच्या अनेक भिंतींत आजही हीच वायरिंग आहे.

कोकणचा किनारा सुरक्षेच्या नकाशावर ठळक झाला तो 1993 मध्ये. मुंबईतल्या साखळी स्फोटांसाठीची स्फोटकं श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरवली गेली होती. त्यानंतर चर्चा झाली ती जेट्ट्या, लँडिंग पॉइंट आणि गस्तीची. ऑफिसांच्या दारांपर्यंत ती पोचली नाही. तिथे वॉचमन, वहीत नाव-वेळ लिहून घेणं आणि रात्री शटर ओढून कुलूप, एवढंच चालू राहिलं. 26 नोव्हेंबर 2008 नंतर मात्र हॉटेलं, मॉल आणि मोठ्या कार्यालयांत कोण आत आलं हे दाखवता आलं पाहिजे, अशी अपेक्षा रुजली.

सुरुवातीची जोडणी अगदी साधी होती. दार उघडलं की कळवणाऱ्या चौकटीवरच्या कॉन्टॅक्टच्या दोन वायर डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरच्या, अलार्म इनपुटला नेऊन बसवायच्या. दार उघडलं की त्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग खुणेसह सुरू व्हायचं. कार्ड कोणाचं होतं हे मात्र डीव्हीआरला कळत नसे. ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या यादीत शोधावं लागे आणि दोन्ही घड्याळं जुळत नसत. दाराच्या यादीत 9:42 आणि चित्रावर 9:31 दिसलं, तर त्या अकरा मिनिटांत आत आलेला माणूस नेमका कोण, हे खात्रीने सांगता येत नाही. नेटवर्कवर चालणारे कॅमेरे 1996 पासून बाजारात होते. 2008 मध्ये तीन उत्पादकांनी एकत्र येऊन ऑनव्हिफ नावाचं समान मानक आणलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत. आधी त्याचा भर व्हिडिओवर होता, पुढे त्यात दारांच्या यंत्रणेचाही समावेश झाला. दोन्ही यंत्रणा एकाच वेळ-सर्व्हरला जोडल्या की ती अकरा मिनिटं उरत नाहीत. एकत्रीकरणाचा खरा फायदा हाच आहे, आणि विक्रीच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख सगळ्यात कमी असतो.

आता कुलपाकडे. काचेच्या दारांबरोबर मॅग्नेटिक लॉक पसरलं. फ्रेम नसलेल्या काचेत खाच पाडून कडी बसवणं कटकटीचं. मॅग्नेट वर ब्रॅकेटला अडकवला की काम झालं. तो वीज असेपर्यंतच धरतो, वीज गेली की सोडतो. आगीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, आणि त्यावर तडजोड होऊ नये.

पण औषधांची खोली, रोकड, सर्व्हर किंवा कागदपत्रं ठेवलेल्या दारालाही तोच मॅग्नेट बसला, तो स्वस्त आणि झटपट म्हणून. साधा मॅग्नेट 12 व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर सतत ओढतो. 7 अँपिअर-तासाची नवी बॅटरी हिशेबाने अर्धा दिवस पुरते, जुनी त्याहून कमी. त्याच बॅटरीवर रेकॉर्डर आणि कॅमेरेही असतील, तर दार सुटतं साधारण त्याच वेळी कॅमेरेही बंद पडतात. राखण सगळ्यात गरजेची असते तेव्हाच दोन्ही जातात.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. इतक्या काळाला कुठलीच बॅटरी पुरत नाही. तेव्हापासून 'वीज गेली की बंदच राहणारं' कुलूप मागणारे वाढले, आणि त्यावर 'माणूस आत अडकेल' असा आक्षेप घेतला जातो. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. अशा प्रकारचा इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे चौकटीत बसणारा, कडी अडवणारा विजेचा भाग, बाहेरून बंद राहतो, पण आतली मूठ यांत्रिक असते, ती फिरवली की वीज असो-नसो दार उघडतं. वीजही लागते ती उघडण्याच्या क्षणापुरती. मासळीच्या शीतगृहापासून बँकेच्या मागच्या खोलीपर्यंत, आतून मोकळं आणि बाहेरून बंद, अशी रचना शक्य आहे. खर्च मात्र वाढतो आणि दार काचेऐवजी चौकटीचं करावं लागतं.

खाऱ्या हवेचा भाग वेगळाच. दारावरच्या लोखंडी पट्टीवर गंजाचा पातळ थर आला तरी मॅग्नेटची पकड बरीच घटते. पावसाळ्यात लाकडी दार फुगलं की पट्टी सपाट टेकत नाही, दार लागल्यासारखं दिसतं आणि धक्क्याने उघडतं. पकड मोजणारा सेन्सर असलेला मॅग्नेट ही चूक पडद्यावर दाखवतो. स्वस्तातल्या मॅग्नेटमध्ये तो नसतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणचे तळमजले बुडाले. काउंटरखाली ठेवलेला रेकॉर्डर अशा पाण्यात सगळ्यात आधी जातो, म्हणून त्याची जागा वरच्या मजल्यावर असावी. करोनाच्या काळात बोटाच्या ठशाऐवजी चेहरा ओळखणारी यंत्रं आली आणि दाराचा रीडर स्वतःच कॅमेरा झाला. चेहरा ही आता 2023 च्या वैयक्तिक माहिती कायद्याच्या कक्षेतली माहिती आहे. कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणी अनिवार्य करणारी केंद्राची अधिसूचना 2024 ची, अंमल एप्रिल 2025 पासूनचा. ती कॅमेऱ्यांपुरती आहे. दाराच्या रीडरसाठी सांकेतिक कवच असलेली ओएसडीपी ही दोन्ही दिशांनी संदेश नेणारी जोडणी 2020 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि बऱ्याचदा ती भिंतीतल्या जुन्या वीगंड केबलवरूनही चालते.