गायब झालेला डोंगर मोजायचा कसा?

कॅलिफोर्नियात 1848 ला सोनं सापडलं, नदीतलं वरवरचं सोनं लोकांनी काही वर्षांतच उपसलं आणि मग नजर गेली सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नद्यांचे गोटे-वाळूचे थर तिथे सोन्यासकट उंचावर पडून होते. 1853 पासून हायड्रॉलिक मायनिंग सुरू झालं. म्हणजे पाइपातून पाणी आणायचं, मोठ्या नोझलने डोंगरावर मारायचं, अख्खी कड खाली. सोनं लाकडी पन्हळीत अडकायचं, बाकी राडारोडा थेट नदीत! युबा नदीचं पात्र गाळाने भरत वर आलं, पूर आला की चिखल शेतात, शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी 1884 मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी नदीत राडा सोडायला बंदी घातली.

पण नदीत एकूण गेलं किती? हे काम 1905 मध्ये अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टकडे आलं, आणि त्याने केलं काय, तर खड्ड्यांचेच नकाशे काढले. हत्यार प्लेन टेबल, सिव्हिलवाल्यांना माहीत असेलच. तिकाटण्यावर फळा, फळ्यावर कागद, त्यावर दुर्बीण बसवलेली पट्टी. एकजण खड्ड्यात आकड्यांचा स्टाफ घेऊन उभा, दुर्बिणीतल्या दोन तारांच्या मध्ये स्टाफचा किती भाग दिसतो त्यावरून अंतर कळतं, दिशेची रेघ तिथल्या तिथे कागदावर. असे पुरेसे बिंदू झाले की सारख्या उंचीचे बिंदू जोडायचे, झाल्या कॉन्टूर रेषा.

खरी गंमत पुढे आहे. खड्ड्याच्या काठावर जुनी जमीन शाबूत असते, मग काठावरच्या रेषा अंदाजाने खड्ड्यावरून पलीकडे न्यायच्या, म्हणजे नसलेला डोंगर कागदावर परत उभा राहतो. जुनी आणि नवी उंची यातला फरक गुणिले क्षेत्रफळ, की घनफळ हातात. हिशोब साधा आहे, पण जुना उतार ओळखायला नजर लागते आणि गिल्बर्टकडे ती होती.

आकडा आधीच्या अंदाजाच्या जवळपास दीडपट निघाला. एकट्या युबा खोऱ्यात सुमारे 52 कोटी घनमीटर! 1917 च्या रिपोर्टात त्याने आसपासच्या नद्या धरून जो एकूण आकडा दिला, तो पनामा कालव्याच्या खोदाईच्या जवळजवळ आठपट होता. आणि सोनं पकडायला पन्हळीत ओतलेला पारा? त्यातला बराच या गाळासोबतच खाली वाहत गेला, आजही तिथल्या गाळात सापडतो.