परराज्यातील वाहनांची थकीत चलान-वसुली

एका राज्यात नोंदलेल्या वाहनाने दुसऱ्या राज्यात वाहतुकीचा नियम मोडला आणि दंड भरला नाही, तर तो वसूल करण्याची भारतातील पद्धत. नियम मोडला जातो एका राज्यात. मालकाचा पत्ता आणि गाडीची आरटीओतली कामे मात्र दुसरीकडे असतात.

पूर्वी हा प्रश्न रस्त्यावरच मिटे. मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 206नुसार, चालक समन्स चुकवील असे वाटल्यास पोलीस त्याचे लायसन्स जप्त करून पोच देतात आणि लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. त्यामुळे बाहेरच्या पासिंगचा ड्रायव्हर तडजोड शुल्क (खटला टाळण्यासाठीची दंडाची रक्कम) जागेवरच भरून मोकळा होई.

आता चलान कॅमेऱ्यावरूनही होते आणि कॅमेऱ्याला ड्रायव्हर नव्हे, नंबर प्लेट दिसते. 2019च्या दुरुस्तीने कलम 136-अ आणून कॅमेऱ्याच्या देखरेखीला आधार दिला, तर 2021मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम 167-अने चलानाची नोटीस 15 दिवसांत पाठवण्याचे बंधन घातले. ‘वाहन’ या देशव्यापी नोंदणी-प्रणालीवरून मालक सापडतो आणि मेसेज तिथल्या मोबाइल नंबरवर जातो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गहून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात पेशंट घेऊन गेलेली एमएच-07 पासिंगची गाडी समजा. गोव्यात चलान झाले, पण नोंदलेला नंबर केव्हाच बंद पडलेला. अशा मालकाला थकबाकी कळते ती गाडी विकायला काढल्यावर, नाव बदलण्याचे किंवा एनओसीचे (ना-हरकत प्रमाणपत्राचे) काम अडते तेव्हा. दंड बुडवणाऱ्याला अडवणे योग्यच, पण ज्याला कळलेच नाही त्यालाही त्याच रांगेत उभे करणे हा या पद्धतीतला खरा दोष आहे.

वसुलीचा जोर आरटीओतल्या कामांवर असल्याने तो सर्वांवर सारखा पडत नाही. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षे चालते. मधल्या काळात मालकाला आरटीओची पायरी चढावी लागतेच असे नाही. मालवाहू ट्रकला मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी आरटीओचे फिटनेस प्रमाणपत्र लागते, म्हणून ट्रकमालक लवकर सापडतो.

थकलेले चलान पुढे आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयात जाते. महाराष्ट्रात असे न्यायालय 2020मध्ये नागपूरला सुरू झाले. तिथे घरबसल्या दंड भरता येतो. चलान मान्य नसेल, तर प्रकरण जिथे नियम मोडल्याचा आरोप आहे तिथल्या नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. दोडामार्गच्या माणसाला एक वेळ पणजी जवळ पडेल. पण नाशिकच्या ट्रकमालकावर इंदूरला चलान झाले असेल, तर एका तारखेच्या हेलपाट्यातच दंडाहून जास्त पैसे जातात आणि तो न केलेल्या चुकीचाही दंड भरून टाकतो.