मे महिन्यात आइसलँडच्या समुद्रात बर्फ: शिडाच्या बोटीची सफर ठरवण्यापूर्वी वाचा

जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेला, मुलांना सुट्ट्या लागल्या, की आमच्याकडे आइसलँडच्या उत्तर किनाऱ्याची चौकशी वाढते. वैशाखात कसला आलाय बर्फ, असं बरेच जण विचारतात. पण त्या किनाऱ्याला वाहता बर्फ लागण्याची शक्यता वसंतातच, म्हणजे आपल्या सुट्टीतच, जास्त असते. बोटीची सफर ऐन वेळी का फिरवावी लागते, हे पैसे भरण्याआधी आपल्याला कळावं म्हणून हे पत्रक.

हा बर्फ येतो आर्क्टिक महासागरातून आणि ग्रीनलँडच्या पूर्व अंगाने. समुद्राचं खारं पाणी सुमारे उणे १.८ अंशाला गोठतं. हिवाळाभर साठलेल्या त्या लाद्या पूर्व ग्रीनलँड प्रवाहाबरोबर दक्षिणेला येतात. ईशान्येचा वारा असेल तर त्या ग्रीनलँडकडेच राहतात. नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा काही दिवस टिकला, की ग्रीनलँड आणि आइसलँड यांच्यामधली डेन्मार्क सामुद्रधुनी ओलांडून आइसलँडच्या वायव्य आणि उत्तर किनाऱ्याकडे सरकतात. तलावातली जलपर्णी वारा फिरला की या काठाची त्या काठाला लागते, तसंच हे. ढोबळ हिशेब असा, की वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे दोन टक्के वेगाने बर्फ सरकतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा दिवसभर वाहिला तर जवळपास २० किलोमीटर. म्हणून काल मोकळी असलेली खाडी आज बंद असू शकते. १९६५ ते १९७१ या वर्षांत तर तिथे बर्फाने किनाऱ्यावरची वाहतूक वारंवार अडवली. अलीकडे इतका बर्फ क्वचितच येतो.

नकाशावर बर्फाची दाटी दहापैकी किती, अशी लिहितात. दहापैकी एक ते तीन म्हणजे बराच विरळ बर्फ, नऊ-दहा म्हणजे जवळजवळ सलग. पण शिडाच्या लहान बोटीला विरळ बर्फही पुरेसा घातक. पाण्यावर जेमतेम हातभर दिसणारा, काचेसारखा तुकडा लाटांमध्ये रडारवरही हरवतो आणि त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो. त्यात वसंतात थंड पाण्यावर उबदार हवा आली की धुकं दाटतं. बर्फाच्या आत शिरल्यावर लाटा शांत होतात, म्हणून नवख्याला तिथे सुरक्षित वाटतं. खरा धोका मागे असतो: वारा फिरला तर बोट बर्फ आणि खडकाळ किनारा यांच्यामध्ये अडकते.

म्हणून निघायचं की परतायचं, हा निर्णय फक्त कप्तानाचा. त्याच्याशी वाद घालू नका, आम्हीही घालत नाही. भाऊ, इतक्या लांब आलोय, थोडं तरी पुढे चला, हा आग्रह आम्हाला समजतो, पण तिथे तो धरू नये.

उत्तरेच्या मुक्कामात आम्ही एक दिवस मोकळा ठेवतो, तो काढून टाकायला सांगू नका. सफर रद्द झाल्यास बोटवाल्याकडून परत येणारी रक्कम पूर्ण आपली, त्यातून आम्ही काहीही कापत नाही. विमा काढताना हवामानामुळे रद्द होणारी सफर त्यात धरली आहे का, तेवढं आमच्यासमोर तपासून घ्या. सुट्टीचं बंधन नसेल तर जुलै निवडा. मे महिन्यातच जायचं असेल तर निघण्याच्या आठवड्यात कार्यालयात या, आइसलँडच्या हवामान खात्याचा ताजा बर्फ-नकाशा आपण एकत्र बसून पाहू.