ला प्रेन्यूझचा बुरूज: तोफा समुद्राकडे, भीती घरातली

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, ला प्रेन्यूझच्या वाळूला लागून एक बुटका, गोल, दगडी बुरूज उभा आहे. त्याला मार्टेलो टॉवर म्हणतात. आत आता संग्रहालय आहे. सिंधुदुर्ग, जंजिरा पाहिलेल्या माणसाला तो फारच लहान वाटेल. ना तट, ना महादरवाजा. तरीही मराठी माणसाने तो मुद्दाम पाहावा, असे मला मनापासून वाटते.

नावाचे मूळ कोर्सिका बेटावरचे. तिथल्या मोर्तेला टोकावर एक जुना गोल बुरूज होता. फेब्रुवारी 1794 मध्ये दोन ब्रिटिश युद्धनौकांनी त्याच्यावर मारा केला. बुरुजावर तोफा होत्या फक्त 3. पण तिथून तापवून लाल केलेले गोळे आले, ‘फॉर्टिट्यूड’ या 74 तोफांच्या जहाजाला आग लागली, 6 जण ठार आणि 56 जखमी झाले, आणि जहाजांना माघार घ्यावी लागली. शेवटी जमिनीवरून तोफा लावून तो पाडाव करावा लागला. आत सैनिक निघाले अवघे 33. ब्रिटिशांनी हा धडा नीट गिरवला. नेपोलियन चालून येईल या धास्तीने 1805 ते 1812 या काळात त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर असे 103 बुरूज बांधले. मोर्तेलाचे मार्टेलो मात्र त्यांच्या बोलण्यात झाले.

बांधणी बघण्यासारखी असते. दार जमिनीपासून उंच, वरच्या मजल्यावर, म्हणजे शिडी आत ओढून घेतली की शत्रू खालीच. तळाला दारूगोळा, मधल्या मजल्यावर शिपाई, माथ्यावर चहूबाजूंना फिरणारी तोफ. समुद्राकडची भिंत जमिनीकडच्या भिंतीपेक्षा जाड, कारण गोळे तिकडूनच येणार.

मॉरिशसमध्ये मात्र धोका निव्वळ समुद्राकडून नव्हता. 1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट फ्रेंचांकडून जिंकले, पण ऊसमळ्यांचे फ्रेंच मालक, त्यांची भाषा आणि कायदे तसेच राहू दिले. गुलामगिरी संपणार हे दिसू लागल्यावर हे मालक बिथरले. 1832 मध्ये गुलामीविरोधी जॉन जेरेमी सरकारचा कायदा अधिकारी म्हणून आला, तेव्हा त्यांनी बेट बंद पाडून त्याला परत जायला लावले. मालकांनी उठाव केला आणि फ्रेंच आरमार मदतीला आले तर? या भीतीतून 1830 च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर असे 5 बुरूज बांधले गेले, आणि राजधानी पोर्ट लुईच्या टेकडीवर किल्ला.

उठाव झालाच नाही. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी संपली. नुकसानभरपाईचे सुमारे 20 लाख पौंड मालकांच्या पदरात पडले. गुलामांना एक पैसाही नाही. मळ्यांवर मजूर आणायचे कुठून, याचे उत्तर तोवर भारतात शोधले गेले होते. 1834 पासून करारावर बांधलेले मजूर येऊ लागले, आणि त्यांत मुंबई बंदरातून आलेली रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागातली आपली माणसेही होती.

त्यांतल्या बऱ्याच जणांची वस्ती याच ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात झाली. इथल्या कास्कावेल गावात त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात.