रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन, सुरकुत्यांसाठी नेमकं कुठलं?

कॉलेज रोडच्या मेडिकलमध्ये जाऊन "सुरकुत्यांवरचं ते रेटिन काहीतरी द्या" म्हटलं की कधी रेटिनॉलच्या महागड्या सीरमची बाटली हातात पडते, कधी ट्रेटिनॉइनची साधी स्वस्त ट्यूब, आणि घेणारीला वाटतं दोन्ही एकच. एकच नाहीये ते. दोन्ही व्हिटॅमिन ए च्याच घराण्यातले, पण ट्रेटिनॉइन म्हणजे थेट रेटिनॉइक ॲसिड, लावलं की लगेच कामाला लागतं. रेटिनॉलचं त्वचेत गेल्यावर आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग रेटिनॉइक ॲसिड, आणि या प्रवासात शेवटपर्यंत थोडंच पोचतं, म्हणून ते सौम्य आणि हळू.

खरी गडबड आकड्यांची होते. सीरमवर १ टक्का लिहिलेलं आणि ट्यूबवर ०.०२५, मग ट्यूबच हलकी असणार असं समजून माझ्या मावसबहिणीने ती रोज रात्री थापली, चार-पाच दिवसांत नाकाच्या बाजूला सालं निघायला लागली, हनुवटी लालभडक. ती ०.०२५ वाली जास्त कडक असते हो! आणि ते औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्याने देऊच नये, देतात ती गोष्ट वेगळी.

माझं मत विचाराल तर तिशीत डोळ्यांच्या कडेला बारीक रेघा दिसायला लागल्यात तर रेटिनॉल पुरे. वर्षानुवर्षं द्राक्षबागेत उन्हात काम करून चेहरा रापलाय, त्यांनी स्किनवाल्या डॉक्टरांना दाखवून ट्रेटिनॉइन घ्यावं, उन्हाने आलेल्या सुरकुत्यांवर त्याचा पुरावा जास्त भक्कम आहे. फक्त निफाडकडच्या कडक थंडीत सुरू करू नका, आधीच गाल उललेले असतात. कुठलंही घेतलं तरी रात्री, चेहरा नीट कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, वरून मॉइश्चरायझर. फरक दिसायला तीन-चार महिने तरी जातात, आणि सकाळी सनस्क्रीन नाही लावलं तर सगळं पाण्यात. कपाळावरच्या खोल आठ्या मात्र दोन्हीने जाणार नाहीत. प्रेग्नन्सीत किंवा तसा विचार चालू असेल तर दोन्ही बंद.

अजून एक, गोरं व्हायची म्हणून जी क्रीम खपते त्यातही कधीकधी ट्रेटिनॉइन असतं, पण सोबत रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड, आणि ते मनाने महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते. ट्यूबवर ही तीन नावं एकत्र दिसली तर काउंटरवरच परत करा.