'कॉपर' आणि 'रिपर स्ट्रीट': सारख्या दिसणाऱ्या दोन पोलीस मालिका

2012 सालच्या ऑगस्टमध्ये बीबीसी अमेरिका या वाहिनीवर 'कॉपर' सुरू झाली आणि त्याच डिसेंबरच्या अखेरीस बीबीसी वनवर 'रिपर स्ट्रीट'. एकोणिसाव्या शतकातली बदनाम वस्ती, मुलीच्या वियोगाने पोखरलेला पोलीस अधिकारी आणि प्रेतांवरून गुन्ह्याचा माग काढून देणारा, सैनिकांवर उपचार केलेला डॉक्टर अशी मांडणी दोन्हींत असल्याने त्यांची गल्लत सहज होते. भरीस भर म्हणजे न्यूयॉर्क आणि लंडन या दोन्ही शहरांच्या पोलीस दलाचे त्या काळचे नाव 'मेट्रोपॉलिटन पोलीस' असेच होते.

मात्र युद्ध कुठे आहे, हे पाहिले की दोन्ही मालिका वेगळ्या होतात. 'कॉपर' 1864 मध्ये, न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या गरीब आयरिश वस्तीत घडते. गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिणेतील राज्यांत पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धातून परतलेल्या पोलीस अधिकारी केविन कॉर्कोरनला मुलगी मेलेली आणि बायको बेपत्ता झालेली कळते. त्याचा श्रीमंत मित्र रॉबर्ट मोरहाउस रणांगणावर पाय गमावून आलेला आहे. त्याआधीच्या वर्षी, जुलै 1863 मध्ये, सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध शहरात भीषण दंगल उसळली होती. 300 डॉलर भरणाऱ्याची भरतीतून सुटका होत असे. ज्यांना ते शक्य नव्हते त्यांचा राग कृष्णवर्णीयांवर निघाला आणि पोलीसप्रमुख जॉन केनेडी यांनाही जमावाने मरणाच्या दारात नेऊन सोडले. ही पार्श्वभूमी ठाऊक असली की कृष्णवर्णीय डॉक्टर मॅथ्यू फ्रीमन याचे प्रसंग अंगावर येतात. प्रेताची तपासणी तो करतो, पण त्याचे नाव पुढे येऊ द्यायचे नसते, कारण ते आले तर निष्कर्ष कोणी मानणार नाही. ज्या समतेसाठी युद्ध चालले आहे असे म्हणतात, तिचे मोल या एका दडवलेल्या नावातून मालिका दाखवते, आणि माझ्या मते तिची खरी ताकद इथेच आहे.

'रिपर स्ट्रीट' एप्रिल 1889 मध्ये, लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये सुरू होते. इथे वस्तीवर सावली आहे ती युद्धाची नव्हे, तर 'जॅक द रिपर' या अज्ञात खुन्याने आदल्या वर्षी घडवलेल्या, न उलगडलेल्या हत्यासत्राची. चिरलेल्या गळ्याचे एखादे प्रेत सापडताच जुनी दहशत परत येते. प्रत्यक्षातही व्हाइटचॅपलच्या एच डिव्हिजन या पोलीस विभागात अधिकारी असलेले एडमंड रीड इथे नायक आहेत, आणि ही भीती आवरणे हेच त्यांचे मुख्य काम होऊन बसते. युद्ध उरले आहे ते त्यांच्या साहाय्यकापुरते: इजिप्तच्या मोहिमेवरून आलेल्या बेनेट ड्रेकच्या मनात आणि मुठीत.

बांधणीने 'रिपर स्ट्रीट' अधिक सफाईदार आहे आणि ती पाच पर्वे, म्हणजे 2016 पर्यंत चालली. तरीही युद्धाने मोडलेल्या वस्तीतला पोलीस पाहायचा असेल, तर मी 'कॉपर'च सुचवेन. दुर्दैवाने 23 भागांनंतर, 1865 मधील राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या हत्येपाशी, ती थांबली. युद्ध सरल्यानंतरचे फाइव्ह पॉइंट्स पडद्यावर यायचे राहूनच गेले.